वाटी कुठे बघते, ते आधी बघा

पत्र : माझी मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. ३२व्या आठवड्यात जन्मली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. दीड वर्षाची असताना सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं, दोन्ही पाय कडक. चार वर्षांची झाल्यावर चालायला लागली. घरात आणि वर्गात आपली आपण चालते, रस्त्यावर हात धरावा लागतो, जिना कठड्याला धरून. गुडघे एकमेकांवर घासतात, डावं पाऊल आत वळतं, दिवसातून कितीदा तरी पडते. उजवं पाऊल मात्र सरळ पडतं. स्प्लिंट आहेत, रोज व्यायाम करून घेते, बोटॉक्सही एकदा झालं. फिट्सची गोळी चालू आहे. आता पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की दोन्ही मांड्यांची हाडं कापून फिरवावी लागतील, आणि उजवी नडगीसुद्धा, तीही उलट्या दिशेने. प्लेटी घालणार. आमच्याकडे शिबिरात आलेले डॉक्टर म्हणाले, एवढं काही नको, टाचेची शीर सैल करू, अर्ध्या तासाचं काम. सासूबाई म्हणतात मालिश चालू ठेवा, वयाबरोबर पाय सरळ होतात, माझ्या पुतण्याचे झाले होते. मिस्टर विचारतात, ऑपरेशननंतर ती इतर मुलांसारखी चालेल का? नसेल तर कशाला कापायचं? मला रात्ररात्र झोप नाही.
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, स.न.वि.वि.

तुमच्या पत्रात चार माणसं चार गोष्टी सांगताहेत आणि गंमत म्हणजे त्यातलं कुणीच अगदी खोटं बोलत नाहीये. सासूबाईंच्या पुतण्याचे पाय खरंच सरळ झाले असतील. शिबिरातल्या डॉक्टरांचं काम खरंच अर्ध्या तासाचं आहे. मिस्टरांचा प्रश्न तर सगळ्यात रास्त. फक्त हे तिघं तुमच्या लेकीच्या पावलांकडे बघून बोलताहेत. तुम्ही जरा वर बघा, गुडघ्याच्या वाटीकडे.

मी थेरपिस्ट आहे, सर्जन नाही, आणि तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही. तरीही ही एक गोष्ट तुम्ही घरी स्वतः करून बघू शकता. तिला हाफ पँट घाला, स्प्लिंट काढा आणि तिला तुमच्या दिशेने चालत यायला सांगा. दोन्ही वाट्यांवर स्केचपेनने ठिपका काढा, पोरीलाही मजा वाटेल. चालताना ते ठिपके तुमच्याकडे बघतात की एकमेकांकडे? तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज, उजवा ठिपकासुद्धा आतच बघत असणार, त्या बाजूचं पाऊल सरळ पडत असलं तरी.

याचं कारण मांडीच्या हाडात आहे. आपलं मांडीचं हाड सरळसोट नसतं, खुब्याकडचं टोक आणि गुडघ्याकडचं टोक यांच्यात पीळ असतो. जन्मतः तो पीळ साधारण ४० अंशांचा असतो. मूल उभं राहतं, चालतं, पळतं, तसा तो उलगडत जातो आणि मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येतो. म्हणून लहानपणी पाय आत टाकून चालणारी बहुतेक मुलं आठ-दहा वर्षांची होईपर्यंत आपोआप सरळ चालू लागतात. सासूबाईंचा पुतण्या त्यातला. सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष. या मुलांचंही हाड जन्मतः असंच असतं, पण ती उशिरा उभी राहतात, स्नायू कडक असतात, चालण्याचा भार हाडावर हवा तसा पडत नाही आणि तो पीळ उलगडायचा राहून जातो. तुमच्या लेकीचा मेंदूचा दोष वाढत नाहीये, हाडाचा हा दोष मात्र वाढत्या अंगाबरोबर जास्त जाचक होतो.

आणखी एक बघा. तिला पालथी झोपवा, गुडघे काटकोनात दुमडा, आणि दोन्ही नडग्या हळूच बाहेरच्या बाजूला पडू द्या. दाबायचं नाही, नुसतं सोडायचं. नडगी बाहेर जाते तेव्हा मांडी आत फिरते, हे पहिल्यांदा बघताना उलटं वाटतं. या वयाच्या इतर मुलांत हे फिरणं दोन्ही दिशांना साधारण सारखंच असतं, चाळीस-पन्नास अंश. पीळ राहिलेल्या मुलांत नडग्या बाहेरच्या बाजूला जवळजवळ गादीला टेकतात आणि आतल्या बाजूला जेमतेम हलतात. अशा मुलांना मांडी घालून बसता येत नाही, ती पाय मागे दोन बाजूंना टाकून बसतात आणि शाळेत बाई ओरडतात, ‘नीट बस!’ त्यांची मांडी तशी फिरतच नाही, नीट कशी बसणार? शाळेत हे एकदा जाऊन सांगा, ऑपरेशन होवो न होवो.

आता उजव्या नडगीचं कोडं. मांडीचं हाड आत फिरलेलं असेल तर पाऊलही आत जाणार आणि मूल स्वतःच्याच पायात अडखळणार. शरीर त्यावर तोड काढतं. वाढीच्या वर्षांत गुडघ्याखालचं हाड हळूहळू बाहेर पिळत जातं आणि पाऊल पुन्हा समोर येतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, हा पाय बरा आहे. प्रत्यक्षात त्या पायात दोन दोष आहेत, एकमेकांना झाकणारे. नुसती मांडी फिरवून सरळ केली तर पाऊल बदकासारखं बाहेर जाईल. म्हणून मांडी बाहेरच्या दिशेने आणि नडगी आतल्या दिशेने, दोन्ही फिरवायची. पुण्याच्या डॉक्टरांनी उजव्या पायाचा हा फरक ओळखला, यावरून मला त्यांच्या तपासणीबद्दल भरवसा वाटतो. घाईने बघणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

आणि पाय सरळ असण्याचा एवढा आग्रह कशासाठी? दिसण्यासाठी नाही. पाऊल ही तरफ आहे. पोटरीचा स्नायू त्या तरफेवर जोर लावून गुडघा सरळ ठेवतो आणि शरीर पुढे ढकलतो. दाराची बिजागरी तिरकी बसली तर कितीही जोर लावा, दार फरफटतंच. इथे तेच होतं. स्नायूत असलेली ताकदसुद्धा वाया जाते. अमेरिकेत मिनेसोटामधले सर्जन जेम्स गेज यांनी हे तरफेचं गणित पुढे आणलं आणि सेरेब्रल पाल्सीच्या शस्त्रक्रियेचा विचार नुसत्या कडक शिरांवरून हाडांच्या दिशेकडे वळला. त्याआधी अनेक वर्षं मांडी आत वळण्याचा दोष मांडीच्या आतल्या स्नायूंवर टाकला जायचा आणि तेच सैल केले जायचे. पुढे अभ्यासात दिसलं, की वाकून चालणाऱ्या मुलांत त्या स्नायूंचा मांडी फिरवण्यात फारसा हात नसतो.

म्हणजे मालिशने काय होईल? अंग मोकळं होईल, आजीचा हात नातीला लागेल, चालू द्या. व्यायामाने ताकद आणि लवचीकपणा टिकेल, त्याला पर्याय नाही. बोटॉक्सने तीन-चार महिने कडकपणा कमी होईल. स्प्लिंट घोट्याला धरेल. यातलं काहीही हाडाचा पीळ सोडवणार नाही. हे मी थेरपिस्ट म्हणून सांगते आहे. माझ्या हातात ते असतं तर मी सुरीचं नाव काढलं नसतं. या काळात कुणीतरी तुम्हाला स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशी टोचून आजार बरा करण्याची, जाहिरातही पाठवेलच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताशी संबंधित आजारांसाठीच्या प्रत्यारोपणाला. सेरेब्रल पाल्सी त्यात बसत नाही. तिकडे पैसे घालवू नका.

शिबिरातल्या सल्ल्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. दोन्ही पाय कडक असलेल्या मुलीची नुसती टाचेची शीर लांब करणं हे छोटं ऑपरेशन असेल, पण छोट्या परिणामांचं नाही. शीर गरजेपेक्षा सैल झाली की पोटरी गुडघा धरून ठेवू शकत नाही, आणि मूल काही वर्षांत गुडघे दुमडून, बसकं चालायला लागतं. वजन वाढतं तसं ते चालणं थकवतं, गुडघे दुखतात. ते सुधारणं पहिल्यापेक्षा फार अवघड. शिवाय आज टाच, दोन वर्षांनी गुडघ्यामागची शीर, मग मांडी, असं तुकड्यातुकड्यांनी केलं तर मुलाचं बालपण प्लास्टरमध्ये जातं. टोरंटोचे सर्जन मर्सर रँग याला ‘बर्थडे सिंड्रोम’ म्हणायचे, दर वाढदिवस हॉस्पिटलात. म्हणूनच आता जे करायचं ते दोन्ही पायांच्या सगळ्या पातळ्यांवर एकदाच, एका भुलीत करण्याकडे कल आहे. पुण्याच्या डॉक्टरांचं ऐकायला मोठं वाटतं ते यामुळे.

प्रत्यक्षात काय करतात? मांडीचं हाड खुब्याजवळ किंवा गुडघ्याच्या थोडं वर आडवं कापतात, खालचा भाग ठरलेल्या अंशांत बाहेर फिरवतात आणि प्लेट-स्क्रूने पक्कं करतात. नडगी बहुधा घोट्याच्या जरा वर कापतात. किती अंश फिरवायचं हे तपासणी, चालण्याचं विश्लेषण आणि भुलीखाली पुन्हा केलेली मोजणी यांवरून ठरतं. चालण्याच्या विश्लेषणाची प्रयोगशाळा, म्हणजे अंगावर चमकते ठिपके लावून कॅमेऱ्यांनी सांध्यांचे कोन मोजतात ती, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निदान समोरून आणि बाजूने घेतलेले, हळू चालवून बघता येणारे व्हिडिओ डॉक्टरांनी बघितलेत का, ते विचारा. नसतील तर तुम्हीच काढून न्या. मोबाइल तिच्या कमरेच्या उंचीवर धरा, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर नको.

खुब्याचा एक्स-रे अलीकडे झालाय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा खोबणीतून सरकत असल्याचं आढळलं. आधाराशिवाय बऱ्यापैकी चालणाऱ्या मुलांत हे प्रमाण कमी, तुमच्या मुलीइतकं चालणाऱ्या मुलांत १५ टक्क्यांच्या आसपास. अजिबात न चालणाऱ्या मुलांत ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. खुबा सरकत असेल तर ऑपरेशनची जागा आणि घाई दोन्ही बदलतात. एवढा एक फोटो ठरवण्याआधी हवाच.

मिस्टरांना काय सांगायचं? इतर मुलांसारखी चालेल का, तर नाही. तोल, वेग, नेमकेपणा हे मेंदूकडून येतं आणि तिथे कुणी हात लावत नाहीये. १९९७ पासून जगभर या मुलांच्या हालचालीच्या पाच पातळ्या मानल्या जातात. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ती पद्धत तयार झाली. तुमची लेक त्यात बहुधा दुसऱ्या पातळीवर आहे आणि ऑपरेशननंतरही ती बहुधा तिथेच असेल. मग कशाला कापायचं? कारण त्याच पातळीवर राहून गुडघे समोर येतात, एकमेकांवर आपटायचे थांबतात, पडणं कमी होतं, स्प्लिंट नीट बसतं, पुष्कळ मुलांना मांडी घालून बसणं जमू लागतं. आणि मोठेपणी, अंगात वजन आल्यावर, चालणं सोडून द्यावं लागण्याची शक्यता कमी होते. एवढ्यासाठी करायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. ‘नॉर्मल’साठी करणार असाल तर करू नका, वर्षभराने चांगल्या निकालावरही तुम्ही नाराज असाल, आणि ते तिला कळेल.

वयाचं म्हणाल तर ८ हे वय ठीक आहे. सहाच्या आत केलं तर वाढीबरोबर पीळ परत येण्याची भीती जास्त असते. पंधरापर्यंत थांबलात तर अंग जड झालेलं असतं, गुडघे वाकायला लागलेले असतात, सावरायला वेळ लागतो. मधल्या काळात, खुबा जागेवर असेल तर, सहा महिने-वर्ष विचाराला घेतलंत म्हणून काही बिघडत नाही. घाई करायला लावणाऱ्याला कारण विचारा.

धोके आहेतच. जंतुसंसर्ग, हाड उशिरा जुळणं, नस ताणली जाऊन पावलाला मुंग्या किंवा लुळेपणा, कमीजास्त फिरवलं जाणं, काही वर्षांनी थोडा पीळ परतणं. रक्त लागू शकतं. तुमच्या बाबतीत एक विशेष : फिट्सची गोळी. कोणती आहे ते भूलतज्ज्ञांना नावानिशी सांगा. व्हाल्प्रोएट असेल तर त्याचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, त्याची तपासणी आधी करतात. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, ऑपरेशनच्या सकाळचा डोससुद्धा विचारूनच. फिट्सच्या औषधांनी आणि उन्हात कमी फिरल्याने ड जीवनसत्त्व कमी असतं, ते दोन-तीन महिने आधीच तपासून भरून काढलं तर हाड जुळायला बरं.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत त्याबद्दल. ऑपरेशन सर्जनचं काही तासांचं असतं, तुमचं वर्षभराचं. पहिले तीन-चार दिवस कापल्याच्या दुखण्यापेक्षा स्नायूंचे झटके मुलांना जास्त रडवतात. ते दाबायची वेगळी औषधं असतात, पाठीतून दुखणं थांबवायची नळीही ठेवतात. याची व्यवस्था काय, हे आधीच विचारून ठेवा. मग काही आठवडे पायावर भार द्यायचा नाही. किती आठवडे ते हाडावर आणि प्लेटीवर अवलंबून. साधारण तीन ते सहा. या काळात तिला उचलून शौचालयात कोण नेणार? भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. पलंग भिंतीपासून सोडवून दोन्ही बाजूंनी मोकळा करा. गेटर, म्हणजे गुडघे सरळ ठेवायचे पट्टे, रोज किती तास बांधायचे, ते लिहून घ्या, कारण दिवसभर उशा लावून बसवलेल्या मुलीचे गुडघे आखडतात आणि केलेलं काम तिथेच निम्मं वाया जातं. दिवसातून दोनदा पालथं झोपवणं हे औषधासारखं पाळायचं.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात कठीण वाटतो. हाड जुळतं, भार द्यायला परवानगी मिळते आणि पोरगी उभीच राहू शकत नाही. जी घरभर चालत होती ती वॉकरला धरून थरथरते. आया तेव्हा फोन करून रडतात, ‘होतं ते बरं होतं.’ स्नायू आठवड्या-आठवड्यांत सुकतात आणि महिन्या-महिन्यांनी भरतात. ऑपरेशनआधी जिथे होती तिथे परत यायला सहा महिने धरा. खरा फायदा वर्षभराने दिसतो, आणि त्यानंतरही सुधारणा चालू राहते. तुमच्या गावापासून आठवड्यातून तीन-चार वेळा जाता येईल असा, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची सवय असलेला थेरपिस्ट आहे का? नसेल तर मी म्हणेन, आधी तो शोधा, मग तारीख घ्या. घरी कुणी दुसरं माणूस मदतीला नसेल, धाकटं मूल असेल, तुमची नोकरी असेल, तर तेही आत्ताच सर्जनसमोर मांडा. या कारणांसाठी ऑपरेशन पुढे ढकलणं यात लाजण्यासारखं काही नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचार तर येत असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या विशिष्ट हॉस्पिटलात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा मदतनीस) दाखल होण्याआधी लेखी घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण देते, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर आधी ते काढा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही एक फेरी मारा.

आणि लेकीला विचारलंत का? पूर्ण पत्रात तिचं एकही वाक्य नाही. आठ वर्षांच्या मुलीला पुष्कळ कळतं. ‘नुसता फोटो काढायचाय’ असं सांगून भुलीच्या खोलीत नेलेली मुलं पुढे माझ्या टेबलवर चढायलाही नकार देतात, कारण मोठी माणसं खोटं बोलतात हे त्यांना पटलेलं असतं. तिला सांगा की हाड कापणार, झोपेत कापणार, नंतर दुखणार, दुखण्यावर औषध देणार, काही आठवडे चालता येणार नाही. प्लेटीचा फोटो दाखवा. त्या प्लेटी पुढे वर्षभराने वगैरे काढतात, म्हणजे छोटं का होईना आणखी एक ऑपरेशन, तेही लपवू नका. तिला काय करायला आवडेल तेही विचारा. एखादी म्हणते लंगडी खेळायचीय, एखादी म्हणते दप्तर घेऊन एकटीने वर्गात जायचंय. यातलं कोणतं या ऑपरेशनने होण्यासारखं आहे, हे सर्जनला तिच्यासमोर विचारा.

पुढच्या भेटीला मिस्टरांना आणि जमलं तर सासूबाईंनाही घेऊन जा. घरी ठिपके काढून केलेला व्हिडिओ आधी सासूबाईंना दाखवा, मी सांगितलेल्या चार पानांपेक्षा त्यांना तो लवकर पटेल. डॉक्टरांना विचारायचं ते असं : कुठल्या हाडात किती अंश, आणि ते कशावरून ठरवलं? खुब्याचा फोटो काय म्हणतो? अशी ऑपरेशनं तुम्ही किती वेळा करता? भार कधी, घरी कधी, शाळेत कधी? शिरांचं काही त्याच वेळी करणार का, आणि टाचेची शीर लांब करणार असाल तर ती खरंच आखूड आहे हे गुडघा सरळ ठेवून तपासलंत का? उत्तरं तुमच्या वहीत उतरवून घ्या. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

तारीख ठरलीच तर परीक्षा संपल्या-संपल्या, एप्रिलमध्ये घ्या. उन्हाळ्यात पट्ट्यांखाली घाम येतो, कातडीकडे रोज बघावं लागेल, पण शाळा जूनमध्ये सुरू होईल तेव्हा ती निदान व्हीलचेअरवर वर्गात बसू शकेल. मुख्याध्यापकांना आत्ताच अर्ज द्या, की तिसरीचा वर्ग वर असेल तरी चौथीचा तळमजल्यावर हवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला शाळेकडून अशी सोय मागता येते.